कामाची घोडी, बिनकामाचा स्वार

जबलपुरात मराठी माणूस दोन वाटांनी आला. काही नोकरीच्या निमित्तानं आले, काही नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर. पहिल्या वाटेनं आलेले ही गोष्ट कुणी विचारली तर सांगतात. दुसऱ्या वाटेनं आलेले कुणी विचारायची वाट पाहत नाहीत. आमचं घराणं दुसऱ्या वाटेचं. भोसल्यांचा अंमल इथे १७९८ ते १८१७, म्हणजे जेमतेम वीस वर्षं टिकला. पुढे इंग्रजांनी तो मोडून काढला, ही बातमी आमच्या दिवाणखान्यापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

आमचा मूळ पुरुष शिलेदार होता, असं आजोबा सांगत. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, हा फरक ते पाहुण्यांना चहा येण्याआधीच समजावून देत. पुढे घरातल्या एका ट्रंकेत मोडीतला कागद सापडला. नागपूरच्या एका जाणकारांनी तो वाचून दिला. त्यावरून असं निघालं, की मूळ पुरुष पागेतल्या घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहिणारे कारकून होते.

"म्हणजे घोड्यांशी संबंध होताच," मी म्हणालो.

"होता ना. हरभऱ्यामार्फत," बायको म्हणाली.

मीही जन्म हिशेबातच काढला. जबलपुरात तोफांचे गाडे बनतात, लष्करी ट्रक बनतात, दारूगोळा बनतो. या सगळ्याच्या बिलांवर सही करायलाही माणसं लागतात, त्यांतला मी एक. निवृत्तीनंतर माणसाला मोकळा वेळ मिळतो आणि त्या वेळात पूर्वज शिरतात. शिवाय आमच्या गावचा सगळ्यात मोठा पराक्रम हत्तीवरचा आहे. राणी दुर्गावती १५६४ साली मोगलांशी शेवटची लढाई लढली ती हत्तीवरून. म्हणजे घोड्यावरच्या वीराची जागा माझ्या मते अजून रिकामी होती.

त्यात २०२३चा सप्टेंबर उजाडला. हांगचौच्या आशियाई खेळांत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीत भारताला एक्केचाळीस वर्षांनी सुवर्ण मिळालं होतं, आणि सुदीप्ती आमच्या मध्य प्रदेशातली, इंदूरची. मी टीव्हीसमोर उठून उभा राहिलो.

"इंदूरची मुलगी करू शकते, तर जबलपूरचा शिलेदार का नाही?"

"ती एकवीस वर्षांची आहे," बायको म्हणाली. "आणि तुम्ही आत्ता उठलात तो सोफ्याचा हात धरून."

या घरगुती विरोधाला तोंड द्यायला परदेशी मदत आली. माझी भाची पोर्तुगालात शिकते. तिनं एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे बघा. वर्किंग इक्विटेशन. तुमच्यासाठीच आहे."

पोर्तुगाल, स्पेन, इटली, फ्रान्स या देशांत गुराखी घोड्यावरून गुरं राखत. त्या कामात घोड्याला जे जे करावं लागे त्याचा हा खेळ केलेला आहे. वरून न उतरता फाटक उघडायचं आणि लावून घ्यायचं, अरुंद पूल ओलांडायचा, झाडांमधून वळणं घेत निघायचं, कळपातून एकच जनावर वेगळं काढायचं. १९९६ साली इटलीत पहिली युरोपीय स्पर्धा झाली, २००४ साली जागतिक संघटना निघाली. खेळाचे भाग चार. पहिला ड्रेसाज, म्हणजे मोकळ्या मैदानात घोड्याच्या चालींची परीक्षा. दुसऱ्यात तेच फाटक, पूल वगैरे अडथळे सफाईनं पार करायचे. तिसऱ्यात तेच अडथळे घड्याळ लावून. चौथ्यात गुरं. पहिल्या तीन भागांत निदान सगळे आपल्या मर्जीनं आलेले असतात.

व्हिडिओत पोर्तुगालचा पेद्रो तोरेस होता आणि त्याचा लुझितानो जातीचा घोडा ओक्सिदादो. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात गारोचा नावाची लांबच लांब काठी. भरधाव घोड्यावरून त्यानं पिंपातली ती काठी उचलली, पुढच्या लाकडी बैलावर टांगलेली कडी काठीच्या टोकात ओवली आणि काठी दुसऱ्या पिंपात टाकून दिली. चेहऱ्यावर भाव म्हणाल, तर बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाचे. मला वाटलं, हे तर आपल्याच्यानं होईल. पासबुक भरून घेण्याचा मला दांडगा अनुभव आहे.

अडचण एकच होती. घोडा नव्हता.

घमापूरच्या बाजूला एक चाचा लग्नाच्या वरातींना घोड्या देतात. धंदा उतरणीला लागला होता. हल्लीचे नवरदेव उघड्या मोटारीतून येतात, वर ड्रोन फिरतो, आणि मोटार वाटेत लीद टाकत नाही. चाचांनी बिजली विकायला काढली होती. बिजली पांढरी, उंच, डोळ्यांनी अत्यंत सभ्य. मी जाणकारासारखा तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बिचकते का?"

"भैया, इसके कान के पास दो हज़ार की लड़ी फूटी है. इसने पलक नहीं झपकाई."

"आणि पळते कशी?"

चाचा विचारात पडले. "भागने का कभी काम नहीं पड़ा."

ही गोष्ट खरी होती. जबलपूरच्या वरातीचा वेग ज्यांना ठाऊक आहे ते जाणतात, की दोनशे मीटरला दोन तास लागले तर मुलाकडचे घाई करतात म्हणून नावं ठेवली जातात. पण मी तेव्हा वेगाचा विचार करत नव्हतो. मी शिलेदार होण्याचा विचार करत होतो. बिजली तिलवाराघाटाकडे एका मित्राच्या शेतावर राहायला आली. घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा लागतो, त्यावर चणे आणि चोकर, ठरल्या मुदतीनं नालबंद आणि जंताचं औषध. कानपूरहून खोगीर मागवलं. तिथली खोगिरं जगभर जातात, तशी किंमतही जगाची लावतात. सगळ्या पावत्या मी एका वहीत डकवल्या. बायकोनं वही चाळली आणि म्हणाली, "घराण्याचं काम सुरू झालं म्हणायचं."

शिकवायला एक दफेदारसाहेब मिळाले. जयपूरच्या ६१व्या कॅव्हलरीत हयात काढून ते इकडे स्थायिक झाले आहेत. घोड्यावरचं पूर्वशिक्षण काय, असं त्यांनी विचारलं. मी माथेरान म्हणालो. तिथे घोडेवाला पुढे चालत होता, ही गोष्ट मी सांगितली नाही, पण मी रिकिबीत डाव्याऐवजी उजवा पाय घातला, तेव्हा ती त्यांच्या लक्षात आली असावी. काही आठवडे त्यांनी मला नुसतं बसायला शिकवलं. बसणं हा विषय नोकरीत माझा पक्का झाला होता असं मला वाटे. "बाबूजी, कुर्सी पर नहीं बैठे हैं आप," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की शेतावरचा पोपटी कुर्ता घालणारा गडी ते माझ्याआधी म्हणायला लागला.

दफेदारसाहेबांचं बिजलीबद्दलचं मत मात्र पहिल्या दिवशीच ठरलं. "घोड़ी पास है. सवार का देखते हैं."

भाचीनं नियम पाठवले आणि आम्ही शेतावर मैदान मांडलं. तेलाची रिकामी पिंपं आली, बांबू रोवले गेले, जुन्या वाड्याच्या दाराच्या फळ्यांचा पूल झाला. दोन काठ्यांच्या बोळाच्या टोकाला घंटा लागते, ती पूजेच्या भांड्यांच्या दुकानातून आणली. एका टेबलावर तांब्या ठेवायचा असतो. स्वारानं घोड्यावरून तो डोक्यापेक्षा उंच उचलून परत जागेवर ठेवायचा. एक गोल कुंपण असतं, त्यात कोंबड्या-बदकं असं काहीतरी जिवंत ठेवतात आणि घोड्यानं न बिचकता भोवतीच्या बोळातून फेरी मारायची असते. आमच्याकडे मित्राच्या 'नर्मदा निधी' कोंबड्या होत्या. जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठानं कडकनाथच्या संकरातून तयार केलेली ही जात. म्हणजे आमच्या मैदानात सगळ्यात शिकलेलं कोण असेल, तर त्या.

कडी ओवायला बैल हवा होता. एका पाट्या रंगवणाऱ्याला प्लायवूडचा बैल सांगितला. त्यानं मन लावून रंगवला. कपाळावर त्रिपुंड्र, गळ्यात घुंगुरमाळ, पाठीवर झूल. नुसता बैल त्याच्या हातून उतरेना, नंदी झाला. बैल मैदानात उभा केल्या केल्या गड्यानं चप्पल काढून त्याला नमस्कार केला. त्यानंतर त्याच्या दिशेनं भाला रोखून घोडं दामटायची कुणाची छाती होणार? कडीसाठी बायकोनं एक जुनी बांगडी दिली होती. ती शेवटी नंदीच्या शिंगावर अर्पण केली आणि गारोचा म्हणून आणलेला बांबू भोपळ्याच्या वेलाला दिला.

स्पर्धेचा दिवस आम्हीच ठरवला. स्पर्धक एक, परीक्षक दफेदारसाहेब, प्रेक्षक बायको, गडी आणि डब्यातले पोहे.

ड्रेसाजपासून सुरुवात. वरच्या पातळीवर ड्रेसाज संगीताच्या साथीनं होतो, असं भाचीनं लिहिलं होतं. मी मोबाइलवर गिटारचं एक संथ पोर्तुगीज गाणं लावलं. बिजलीनं ते ऐकून घेतलं आणि दुर्लक्ष केलं. चाल, थांबा, वळा, सगळं ठीक चाललं होतं. पण तिलवाराच्या रस्त्याला मॅरेज गार्डनची रांग आहे, आणि बरोबर त्याच वेळी त्यांतल्या एका ठिकाणी बँडवाल्यांनी तालीम सुरू केली. नागिणीची धून.

बिजलीचे कान उभे राहिले. मान कमानदार झाली. पुढचे पाय एकामागून एक उंच उचलत ती जागच्या जागी नाचायला लागली. मी खोगिराच्या पुढच्या कडेला मिठी मारली. दफेदारसाहेब मात्र खुर्चीतून उठले.

"बाबूजी, हिलिए मत! ये पियाफ है!"

पियाफ म्हणजे जागच्या जागी तालात दुडकी. ड्रेसाजमधली ही सर्वांत वरच्या इयत्तेची चाल, आणि ती बसवायला युरोपातले स्वार घोड्यामागे वर्षानुवर्षं घालवतात. आमची बिजली ती नागिणीच्या तालावर करत होती. मी हललो नाही, म्हणजे मी माझ्या इच्छेनं हललो नाही. बाकी सगळ्या दिशांना हललो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बँड थांबला. बिजली थांबेना. लगाम खेचला, आवाज दिला, दफेदारसाहेबांनी फौजेतला खास हुकूम सोडला, काही उपयोग नाही. शेवटी बायको उठली. वरातीतून ती माझ्यापेक्षा जास्त हिंडलेली आहे. पर्समधून दहाची नोट काढून तिनं घोडीच्या तोंडावरून ओवाळली. बिजली जिथल्या तिथे थांबली.

"स्वाराला ओवाळून टाकायचं का?" तिनं विचारलं. दफेदारसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग अडथळे. पहिलं फाटक. स्वारानं फाटकाला लावलेला हात न सोडता ते उघडायचं, घोड्यासकट पलीकडे जायचं आणि लावून घ्यायचं. मी हात बरोबर लावला. फाटक उघडलं. बिजली उंबऱ्याशी येऊन स्तब्ध झाली. टाच मारली, चुचकारलं, ती ढिम्म. दफेदारसाहेब बुचकळ्यात पडले, पण गड्याला कारण लगेच समजलं. मंडपाच्या दारात वरात पोहोचली, की द्वारचार होतो. मुलीकडची माणसं येतात, टिळा लावतात, आरती ओवाळतात. त्याआधी जी घोडी आत घुसेल, तिला पुन्हा कोण बोलावणार? गड्यानं जमिनीवरची चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावली. बिजली डौलात आत गेली. फाटक माझ्या हातातून कधीच सुटलं होतं.

पुलावर तिनं पूर्ण गुण मिळवले. फळ्या दणादणा वाजल्या, तिनं खाली पाहिलंही नाही. पाहिलं मीही नाही, माझे डोळे मिटलेले होते.

बांबूंमधून नागमोडी जायचं, तिथे बिजलीनं सरळ रेघ पसंत केली. जे बांबू तिच्या वाटेत आले नाहीत ते माझ्या गुडघ्यांनी पाडले.

घंटेच्या बोळात मला फार आशा होती. आत जायचं, घंटा वाजवायची आणि घोड्याला सरळ मागे मागे चालवत बाहेर काढायचं. आत गेलो, घंटा वाजवली. साठ वर्षांचा संस्कार असा, की घंटा वाजली की दोन्ही हात आपोआप जुळतात आणि मान लवते. जुळले. लवली. लगाम कुठे गेला, हे मला 'सर्वे भवन्तु सुखिनः'पर्यंत पोहोचल्यावर आठवलं. तोवर बिजली बोळाच्या पुढच्या टोकातून बाहेर पडून कोंबड्यांच्या कुंपणाला प्रदक्षिणा घालत होती, अगदी नियमात लिहिल्याप्रमाणे, आतल्या बाजूला झुकून, एकसारख्या लयीत. आषाढी वारीच्या रिंगणात माउलींचा अश्व धावतो, त्याच्या पाठीवर माणूस नसतो. रिंगण इतकं देखणं का होतं, याचा उलगडा मला त्या फेरीत झाला. दफेदारसाहेब ओरडले, "बहुत बढ़िया! बाबूजी, लगाम मत पकड़िए!"

शेवटी टेबल आणि तांब्या. हे काम मला घरी रोज असतं. बिजली टेबलापाशी छान उभी राहिली. तांब्यात गड्यानं पाणी भरून ठेवलं होतं. मी तो उचलला आणि नियमाप्रमाणे डोक्यावर नेला. आता बिजलीच्या बाजूनं विचार करा. नवरदेवाच्या डोक्याच्या वर काही उचललं जाणं याचा अर्थ तिच्या नोकरीत एकच होता. कुणीतरी ओवाळतंय, नाचायला हवं. ती नाचली. तांब्यातलं सगळं पाणी आधी माझ्या टोपीत, मग कॉलरमधून आत, मग कानपूरच्या खोगिरात गेलं. रिकामा तांब्या मी टेबलावर बरोबर जागी ठेवला, त्याचे गुण मी नंतर मागून घेतले.

वेगाच्या फेरीला दफेदारसाहेबांनी घड्याळ लावलं. फाटकाशी पुन्हा द्वारचार झाला तेव्हा त्यांनी ते काढून खिशात ठेवलं आणि पोह्यांचा डबा उघडला.

राहिली गुरं. या भागात संघ असतो. कळपातून नेमून दिलेलं एक जनावर वेगळं काढायचं आणि रेषेपलीकडच्या आवारात न्यायचं. पोर्तुगालात त्यासाठी कुरणावरची गुरं असतात. आम्हाला शेजारच्या गवळ्यानं म्हशी दिल्या, त्याही संध्याकाळच्या दुधात घट आली तर भरून द्यायच्या बोलीवर. दफेदारसाहेबांनी एका म्हशीकडे बोट दाखवलं. मी बिजलीला कळपात घातलं. म्हशींनी वळून पाहिलं. त्यांना आमच्याबद्दल काय वाटलं असेल ते वाटो, नर्मदेवर जायची त्यांची वेळ झाली होती. त्या निघाल्या.

पुढे गर्दी, मागे आपण, आणि गर्दी संथपणे एकाच दिशेला चाललेली. बिजलीला हे दृश्य जन्मभर परिचयाचं होतं. तिनं मान उंचावली आणि म्हशींच्या मागे, बरोबर म्हशींच्या वेगानं चालू लागली. मी लगाम डावीकडे ओढला, उजवीकडे ओढला. वरातीतल्या घोडीला ठाऊक असतं, की वर बसलेला माणूस लगामाशी चाळा करतो तो घाबरल्यामुळे. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नसतं. शेताचं फाटक गेलं, कच्चा रस्ता गेला, घाट आला. परिक्रमेला निघालेले काही जण काठावर बसले होते. पंधरा म्हशी आणि त्यांच्यामागे टोपीतून पाणी गळणारा, कपाळाला माती लावलेला घोडेस्वार पाहून ते आदरानं उठले.

"नर्मदे हर!"

"नर्मदे हर!" मी इतक्या कळवळून म्हणालो, की त्यांना मी बराच पोहोचलेला वाटलो असणार.

म्हशी पाण्यात उतरल्या. बिजली उतरली. काम तडीला गेलं, की घोडं गंगेत न्हालं म्हणतात. आमचं नर्मदेत न्हालं, पोटापर्यंत, आणि काम कुठेच गेलं नाही. मला नेमून दिलेली म्हैस मात्र कळपापासून वेगळी होऊन पलीकडच्या खडकापाशी एकटीच बसली होती. त्याचेही गुण धरायला हवे होते, असं माझं म्हणणं आहे. दफेदारसाहेब म्हणाले, ती आपणहून गेली.

त्यांनी गुणपत्रिका दिली, तिचे दोन रकाने होते. नियमात असे दोन रकाने नाहीत, पण फौजेतला माणूस, अन्याय करवला नाही. घोडीच्या रकान्यात दहापैकी नऊ, आठ, दहा असे आकडे होते. स्वाराच्या रकान्यात त्यांनी आकडे न लिहिता वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली होती. हिशेबात आम्हीही तशी ओढत असू, नोंद नाही तिथे.

देवउठनी एकादशी झाली आणि लग्नसराई सुरू झाली. एका संध्याकाळी घमापूरचे चाचा दारात उभे. त्यांची दुसरी घोडी लंगडत होती, मुहूर्त सातचा, नवरदेव तयार. फक्त आजची रात्र बिजली हवी होती. मी बरोबर येण्याच्या अटीवर हो म्हणालो. चाचांनी माझ्या हातात लगाम दिला आणि डोक्यावर एक लाल फेटा ठेवला.

वरात निघाली आणि मी पायी चालताना जे पाहिलं ते मला घोड्यावरून दिसलेलं नव्हतं. दिव्यांची झाडं डोक्यावर घेतलेल्या बायकांच्या दोन रांगा, त्यांच्या वायरी जमिनीवर पसरलेल्या. बिजली एकाही वायरीवर पाय न देता त्यांच्यामधून नागमोडी गेली. उघड्या नाल्यावर टाकलेली डुगडुगती फळी तिनं न थबकता ओलांडली. गल्लीत समोरून जनरेटरची गाडी आली तर ती चांगली लांबवर मागे मागे सरळ रेषेत चालत गेली, भिंतीला खोगीर न घासता. नवरदेवाच्या मांडीवर पाच वर्षांचा भाचा होता, त्याच्या हातात खेळण्यातली तलवार, ती अधूनमधून बिजलीच्या कानात जाई. फटाक्यांची लड पायाशी फुटली. चौकात एक सांड आडवा बसला होता. तिनं नाकानं त्याला हलकेच ढोसलं, तो उठला आणि वरात पुढे गेली. गुरांचा भाग, मिनिटाच्या आत, संघाशिवाय. मंडपाच्या फाटकाशी ती थांबली, टिळा झाला, आरती झाली, मग आत.

पोर्तुगालच्या घोड्याचं काम गुरं, म्हणून त्याच्या खेळात कुरणावरचं फाटक आहे आणि बैल आहे. बिजलीचं काम लग्न. अडथळे तेच होते, फक्त कामाचं ठिकाण निराळं, आणि तिथे तिची नोकरी केव्हाच पक्की झाली होती. आमच्या दोघांत वर्किंग म्हणावं असं कुणी असेल तर ती एकटी. मी निवृत्त आहे.

बायकोनं सगळं मोबाइलवर घेतलं होतं. भाचीनं तो व्हिडिओ पोर्तुगालातल्या तिच्या ओळखीच्या प्रशिक्षकाला दाखवला. त्यानं दोन प्रश्न पाठवले. घोडीचं शिक्षण कुठल्या पागेत झालं? आणि पुढे लाल फेटा बांधून चालणारा मोतद्दार कोण, त्याचा हात छान हलका आहे. घोडेस्वारीच्या क्षेत्रात माझी झालेली ही आजवरची एकमेव तारीफ. हात हलका होता कारण गर्दीत लगाम माझ्या मुठीतून कधी सुटला, ते मला द्वारचारापर्यंत समजलं नव्हतं.

दफेदारसाहेबही त्या लग्नाला आले होते, मुलीकडून. जेवताना त्यांनी वांग्याचं भरीत वाढून घेतलं आणि म्हणाले, "बाबूजी, अगला मुक़ाबला बारात में ही रख लेते हैं. जज मैं. खाना भी अच्छा मिलेगा." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. फाटक, पूल, घंटा सगळं आयतंच असणार. बिजलीच्या पाठीवर नवरदेव बसेल, लगाम माझ्याकडे असेल, आणि गुणपत्रिकेतल्या स्वाराच्या रकान्यात नाव नवरदेवाचं घालायचं, एवढी एक अट मी जिलेबी यायच्या आधीच त्यांच्याकडून मान्य करून घेतली आहे.